दख्खनी मेंढीची वाढ, आनुवंशिक विविधता आणि कर्जत-खालापूरची घाटवाट : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अवर्षणप्रवण कर्जत आणि दुसरे रायगड जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले कर्जत. पहिल्या ठिकाणी वर्षाकाठी साधारणपणे पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर दुसऱ्या ठिकाणी तीन हजार मिलिमीटरहून अधिक. पहिले कर्जत हा मेंढीचा मुलूख आहे. दुसऱ्या कर्जतमध्ये व त्याला लागून असलेल्या खालापूर तालुक्यात मेंढी बारमाही नांदत नाही. ती कार्तिकानंतर घाट उतरून येते आणि मृगाच्या आत घाट चढून परत जाते. नामसादृश्याचा हा योगायोग एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधतो. मेंढीचे शरीर किती वाढावे, हे तिच्या रक्तातील वारसा ठरवतो, की ती ज्या भूमीवर व वाटेवर चालते ती भूमी आणि वाट?

प्राण्यांच्या वाढीचा अभ्यास सामान्यतः पशुविज्ञानाच्या कक्षेत मोडतो असे मानले जाते. तथापि पाळीव प्राण्याची आनुवंशिकता केवळ निसर्गाने घडवलेली नसते. कोणता नर कळपात ठेवायचा आणि कोणता बाजारात पाठवायचा, हा निर्णय पिढ्यान्पिढ्या माणूस घेत आला आहे. या निर्णयांची साखळी म्हणजेच त्या प्राण्याचा इतिहास होय. या दृष्टीने मेंढीच्या वाढीचा प्रश्न हा इतिहासाचाही प्रश्न ठरतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

दख्खनी मेंढीच्या शरीरमानाची ऐतिहासिक घडण समजून घेणे, वाढीच्या गुणधर्मांवर आनुवंशिक विविधतेचा होणारा परिणाम फलटण येथील प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करणे आणि कर्जत-खालापूर परिसरात उतरणाऱ्या कळपांच्या संदर्भात त्याचा अर्थ लावणे, ही प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. अभ्यास प्रामुख्याने प्रकाशित संशोधन व ऐतिहासिक साहित्य यांवर आधारलेला असून पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

भूमी, पाऊस आणि मेंढी

बोरघाट हा देश आणि कोकण यांना जोडणारा प्राचीन मार्ग. कर्जत तालुक्यातील कोंढाणे लेणी आणि घाटमाथ्यावरील राजमाची ही या परिसरातील वाटांच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. परंतु मेंढरांच्या कळपांनी या दोन्हींच्या आधीपासूनच्या पायवाटा वापरल्या. पुणे, सातारा व अहमदनगर जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातील धनगरांचे वाडे दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे सरकतात. त्यांतील काही घाट उतरून कोकणातील भातखाचरांत येतात. भाताची कापणी झालेली असते, खाचरांत धसकटे व बांधांवर गवत शिल्लक असते. शेतकरी शेतात मेंढ्या बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख मोबदला. दोन भिन्न पर्यावरणांतील दोन समाजांनी उभी केलेली ही परस्परपूरक व्यवस्था आहे.

मग मेंढी पावसाळ्यात येथेच का राहत नाही? याचे उत्तर ओलाव्यात आहे. सततच्या ओलीने खुरे सडतात. उष्ण व दमट हवेत गोलकृमींची अंडी झपाट्याने वाढून गवतावर पसरतात आणि पाणथळ खाचरांत गोगलगायींमार्फत यकृतातील चपट्या कृमींचा प्रादुर्भाव होतो. भिजलेली लोकर सुकत नाही. कोकरांची वाढ खुंटते, मरतूक वाढते.

या संदर्भात माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी धनगर समाजाचा केलेला परिस्थितिकीय अभ्यास मोलाचा आहे. कमी पावसाच्या पठारावर हटकर धनगर मेंढ्या पाळतात, तर सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या कण्यावर गवळी धनगर म्हशी व गायी पाळतात, ही विभागणी त्यांनी दाखवून दिली. घाटातील धनगरवाड्यांवर मेंढीऐवजी म्हैस का दिसते, याचा उलगडा यातून होतो. पावसाची रेषा हीच येथे मेंढीची सरहद्द ठरली. घाट उतरणाऱ्या वाड्यांनी ही सरहद्द ऋतूच्या हिशेबाने ओलांडली, कायमची नव्हे.

दख्खनी मेंढीची घडण

मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील सस्तन प्राण्यांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत येथील मेंढीचेही वर्णन आढळते. आखूड पाय, बाकदार नाक आणि आखूड, राठ, बहुधा काळी लोकर ही त्यांनी टिपलेली वैशिष्ट्ये आजही दख्खनी मेंढीत ओळखू येतात. जवळजवळ दोन शतके टिकून राहिलेले हे साम्य निव्वळ योगायोग मानता येत नाही. काळी लोकर घोंगडीसाठी हवी होती, कणखर पाय लांबच्या चालीसाठी हवे होते आणि आटोपशीर शरीर उन्हाळ्याच्या टंचाईत तगून राहण्यासाठी. मेंढपाळाने एडका निवडताना या तिन्ही गोष्टी पाहिल्या.

दख्खनी ही एकजिनसी जात नाही. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे प्रादेशिक प्रकार मानले जातात. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंचीने व वजनाने मोठी असून तिची कोकरे वेगाने वाढतात. म्हणूनच गेल्या काही दशकांत अनेक मेंढपाळांनी माडग्याळ एडके आपल्या कळपात आणले. आनुवंशिक विविधता ही प्रयोगशाळेने निर्माण केलेली वस्तू नसून ती या प्रादेशिक कळपांतच साठलेली आहे, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

शासकीय दृष्टी मात्र दीर्घकाळ लोकरीवर खिळलेली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १८३० च्या दशकात, दख्खनमध्ये मेरिनो मेंढ्यांच्या संकराचे प्रयत्न झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना तलम लोकर हवी होती. स्वातंत्र्योत्तर काळातही मेरिनो, रॅम्बुले, डॉरसेट अशा विदेशी जातींशी संकर करण्याचे कार्यक्रम देशभर राबवले गेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन झाले. १९७८ मध्ये राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले आणि दहिवडी, रांजणी, महूद आदी ठिकाणच्या प्रक्षेत्रांद्वारे सुधारित नरांचा पुरवठा होऊ लागला. पुढे या महामंडळाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले. तथापि फिरत्या कळपांत तलम लोकरीचा वारसा रुजला नाही. दरम्यान जाडीभरडी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटेना अशी स्थिती आली आणि मेंढपाळाचे उत्पन्न जवळजवळ पूर्णपणे मांसासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरावर अवलंबून राहिले. मुंबईसारखी मांसाची बाजारपेठ घाटाखाली हाकेच्या अंतरावर होती. अशा रीतीने 'वाढ' हा गुणधर्म निवडीच्या केंद्रस्थानी आला.

वाढीचे गुणधर्म व आनुवंशिक विविधता

वाढ म्हणजे एकच गुणधर्म नव्हे. जन्मवजन, तीन महिन्यांचे म्हणजे अंगावरून तोडतानाचे वजन, सहा महिन्यांचे वजन, वर्षाचे वजन आणि प्रतिदिन होणारी वाढ असे तिचे अनेक टप्पे आहेत. जन्मवजन व तीन महिन्यांचे वजन यांवर कोकराच्या स्वतःच्या वारशाइतकाच आईच्या दुधाचा व प्रकृतीचा प्रभाव असतो. वय वाढेल तसा आईचा प्रभाव ओसरतो आणि कोकराचा स्वतःचा वारसा अधिक स्पष्ट होतो. त्यामुळे केवळ तीन महिन्यांचे गुटगुटीत कोकरू पाहून एडका निवडणारा बहुधा चांगली आई निवडत असतो, चांगला एडका नव्हे.

कळपातील वजनांत जो फरक दिसतो, त्याचा किती भाग आनुवंशिक आहे हे आनुवंशिकता गुणांकाने दर्शवतात. मेंढ्यांच्या वजनांबाबत हा गुणांक साधारणपणे ०.१ ते ०.३ या मर्यादेत आढळतो. याचा व्यावहारिक अर्थ असा : समजा, गुणांक ०.२ आहे आणि कळपाच्या सरासरीपेक्षा पाच किलो अधिक वजनाचा एडका निवडला. पाच किलोंपैकी वारशाचा अपेक्षित भाग एक किलो आणि त्यातील निम्मा वाटा एडक्याकडून कोकराला मिळणार. म्हणजे कोकरामागे अपेक्षित लाभ अर्धा किलो. उरलेला फरक चारा, दूध, ऋतू व आरोग्य यांचा. हा लाभ अल्प भासला तरी पिढ्यागणिक साठत जातो. अठराव्या शतकात इंग्लंडमधील रॉबर्ट बेकवेल यांनी लीस्टर मेंढीत जो पालट घडवला, तो अशाच सातत्यपूर्ण निवडीने. मात्र त्यांच्याकडे कुंपणे होती, मुबलक चारा होता आणि कळप एका जागी होता. घाटवाटेवरील वाड्याकडे यांपैकी काहीही नाही.

वाढीचा वारसा बहुतांशी असंख्य जनुकांच्या लहान लहान परिणामांतून येतो. तथापि काही जनुकांचा परिणाम ठळक असतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात आढळलेल्या एका एडक्यापासून 'कॅलिपीज' नावाचे उत्परिवर्तन ज्ञात झाले. त्यामुळे पुठ्ठ्याचे स्नायू असाधारण वाढतात, परंतु ते पित्याकडून आले तरच. टेक्सेल जातीच्या मांसलपणामागे मायोस्टॅटिन जनुकातील बदल असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्राचा एक भाग शरीराच्या आकाराशी निगडित असल्याचे ऑस्ट्रेलियन मेरिनोवरील संशोधनातून दिसून आले. याच सहाव्या गुणसूत्रावर अन्य ठिकाणी असलेल्या एका जनुकाने महाराष्ट्राच्या मेंढीपालनाला वेगळे वळण दिले.

सुंदरबन ते फलटण

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. तिच्या प्रौढ मादीचे वजन दहा-पंधरा किलोंच्या घरात, म्हणजे दख्खनी मेंढीच्या निम्म्याच्या आसपास. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि एका वेताला बहुधा दोन कोकरे देते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील 'बूरूला' येथील मेरिनो कळपातही असाच बहुप्रसवतेचा गुण होता. १९५८ पासून तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यावर काम सुरू केले आणि हेलन न्यूटन टर्नर या विदुषीने त्याचा मागोवा घेतला. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात नेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत हा धागा पोहोचत असावा, असे त्यांनी मांडले. हा गुण एकाच प्रभावी जनुकाचा असावा, असा विचार १९८२ मध्ये पुढे आला. २००१ मध्ये त्या जनुकातील नेमका बदल तीन संशोधक गटांनी शोधला आणि २००२ मध्ये तोच बदल गारोळ मेंढीत असल्याचे सिद्ध झाले. जहाजांच्या नोंदींनी सुचवलेल्या गोष्टीला रक्ताच्या चाचणीने पुष्टी दिली. इतिहास आणि आनुवंशिकी यांनी एकमेकांना दुजोरा दिल्याचे हे विरळ उदाहरण होय.

या जनुकाला 'फेक-बी' असे म्हणतात. १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गारोळ मेंढ्या आणून दख्खनीच्या लोणंद प्रकाराशी व कर्नाटकातील बन्नूर मेंढीशी त्यांचा संकर केला. डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम ऑस्ट्रेलियन संस्थांच्या सहकार्याने पुढे नेले. जनुकचाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साहाय्य लाभले. प्रकल्पाचा हेतू दुहेरी होता : मेंढी बहुप्रसव असावी आणि कृमींना तोंड देणारीही असावी.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहेत. गारोळचे रक्त असलेली संकरित कोकरे शुद्ध दख्खनी व बन्नूर कोकरांपेक्षा सावकाश वाढली. परंतु त्यांच्यात गोलकृमींचा भारही कमी आढळला. एका हाताने वाढ गेली, दुसऱ्या हाताने प्रतिकारशक्ती आली. पाणथळ सुंदरबनाने जे लहान शरीर घडवले, त्यात त्या भूमीवर तगण्याची किंमतही समाविष्ट होती.

यावर उपाय म्हणून संकरित संततीचा पुनःपुन्हा दख्खनीशी संकर करण्यात आला. दर पिढीला गारोळचा वाटा निम्मा होतो : अर्धा, पाव, एक अष्टमांश. मात्र प्रत्येक टप्प्यावर फेक-बी असलेलीच संतती निवडली जाते. त्यामुळे शरीर दख्खनीचे आणि वीण गारोळची अशी मेंढी तयार होते. नर स्वतः वीत नसल्याने त्याच्या अंगी हा गुण आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. २००१ नंतरच्या जनुकचाचणीने ही अडचण दूर केली. पुढे 'नारी सुवर्णा' या नावाने ही मेंढी मेंढपाळांपर्यंत पोहोचली.

येथे एक सूक्ष्म बाब नोंदवणे आवश्यक आहे. फेक-बी हे एकच जनुक असल्याने ते निवडीने राखता येते. कृमिप्रतिकार मात्र अनेक जनुकांचा असतो. त्याची स्वतंत्र निवड केली नाही, तर गारोळच्या वाट्यासोबत तोही दर पिढीला पातळ होत जातो. वाढ परत मिळवताना प्रतिकारशक्ती हातून निसटू शकते. कोरड्या फलटणमध्ये ही हानी सोसवेल. भातखाचरांच्या मुलखात उतरणाऱ्या कळपाला ती सोसवेलच असे नाही.

वाढ मोजायची कोणाची?

फेक-बीची एक प्रत असलेली मेंढी वेताला सरासरी एकाऐवजी दीडच्या आसपास कोकरे देते. दोन प्रती असल्यास तिळी होण्याचा संभव वाढतो. जुळ्यातील प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा जन्मतः हलके असते आणि दूध वाटून घेतल्याने मागे राहते. प्रति कोकरू वजन हा निकष लावला, तर हे जनुक वाढीला मारक ठरेल. परंतु उदाहरणादाखल एकटे कोकरू तीन महिन्यांत चौदा किलो आणि जुळी प्रत्येकी अकरा किलो झाली असे मानले, तर मेंढीमागे बावीस किलो हाती येतात. निकष बदलला की निष्कर्ष बदलतो. म्हणून 'प्रति मेंढी, प्रति वर्ष वाढवलेल्या कोकरांचे एकूण वजन' हा निकष अधिक सयुक्तिक ठरतो.

मात्र फिरत्या कळपाचा हिशेब याहूनही वेगळा आहे. घाट उतरताना लहान कोकरे तट्टावर किंवा खांद्यावर न्यावी लागतात. दूध कमी पडले तर वरचे दूध मिळवणे दुरापास्त असते. ही कोकरे सांभाळण्याचा भार प्रामुख्याने वाड्यावरील स्त्रियांवर पडतो. जुळे ही संपत्ती आहे, तिळे ही आपत्ती ठरू शकते. त्यामुळे एका प्रतीवर समाधान मानण्याचे धोरण चालत्या संसाराला मानवणारे आहे. वाढीच्या तक्त्यात न दिसणारा एक स्तंभ, म्हणजे वाट, तो येथे जमेस धरावा लागतो.

बदलती घाटवाट

ही वाटच आता आकसत चालली आहे. १९१५ मध्ये खोपोली येथे आणि १९२२ मध्ये भिवपुरी येथे टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. भिवपुरीच्या विजेनंतर सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याने कर्जत तालुक्यातील अनेक गावांत उन्हाळी भातशेती शक्य केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही समृद्धी होय. परंतु ज्या खाचरात दुसरे पीक उभे राहते, ते खाचर कळपाला बंद होते आणि भिजलेल्या खाचरालगतचे गवत कृमींना पोषक ठरते. खालापूर तालुक्यात खोपोलीच्या आसपास कारखानदारी वाढली. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने पूर्वापार वाटा छेदल्या. माळांवर बंगले व कुंपणे उभी राहिली. रासायनिक खतांमुळे लेंडीखताची निकड घटली.

याचा परिणाम थेट कोकराच्या वजनावर होतो. चारा कमी आणि चाल अधिक, अशा स्थितीत वेगाने वाढणाऱ्या मोठ्या शरीराची गरज भागत नाही. उत्तम वारसा असलेले कोकरूही सामान्य कोकराइतकेच वाढते, क्वचित त्याहूनही मागे पडते. आनुवंशिकी व पर्यावरण यांची आंतरक्रिया म्हणतात ती हीच. प्रक्षेत्रावर प्रथम क्रमांक मिळवणारा एडका खालापूरच्या खाचरात प्रथम येईलच, याची शाश्वती नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. दख्खनी मेंढीचे आटोपशीर शरीर हे मागासलेपणाचे लक्षण नसून दीर्घ निवडीचे फलित आहे. पठारावरील टंचाई, लोकरीची गरज आणि घाटातील चाल यांनी ते घडवले.

२. आनुवंशिक विविधता वाढीवर निश्चित परिणाम करते. तथापि गारोळ संकराच्या अनुभवावरून वाढ, बहुप्रसवता व कृमिप्रतिकार यांचा विचार अलग अलग करता येत नाही, हे स्पष्ट होते.

३. वाढीचा निकष प्रति कोकरू न ठेवता प्रति मेंढी व प्रति कळप ठेवणे हिताचे आहे.

४. कोकणात उतरणाऱ्या कळपांसाठी एडक्यांची पारख केवळ कोरड्या प्रक्षेत्रावर न होता ज्या वाटेवर त्यांची संतती चालणार आहे त्या वाटेवरही व्हावयास हवी. त्यात वजनाबरोबर कृमिभाराची नोंद व्हावी.

५. चराईची वाट मोकळी राहिली नाही, तर सुधारित वारशाचा लाभ मेंढपाळाच्या पदरात पडणार नाही. जातिसुधार आणि चराईचे हक्क हे एकाच धोरणाचे दोन भाग मानले जावेत.

बंगालच्या खाडीतून निघालेला एक आनुवंशिक गुण दोन मार्गांनी जगात फिरला : एकदा जहाजाने ऑस्ट्रेलियाला आणि दोन शतकांनी फलटणला. तो बोरघाट उतरून खालापूरच्या खाचरांत टिकेल की नाही, हे प्रयोगशाळा एकटी ठरवू शकणार नाही. भात कापल्यानंतर त्या खाचरांत मेंढ्या बसवायला जागा उरते की नाही, यावरही ते अवलंबून राहील.